एक नंबरच्या खोलीतले पाहुणे

विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर 'मैत्री सदन' नावाचं एक साधं अतिथिगृह आहे. खाली परिषदेचा हॉल आणि भोजनगृह, वर खोल्या. प्रत्येक खोलीत दोन पलंग, एक टेबल आणि भिंतीवर नर्मदेच्या घाटाचं चित्र, जे आजवर कोणी निरखून पाहिल्याचं ऐकिवात नाही. दौलतराव जगदाळे इथले व्यवस्थापक. उभा जन्म त्यांनी इथेच काढला, आणि 'उभा' हे अगदी शब्दशः, कारण पाहुण्यांसमोर ते कधी खुर्चीला टेकले नाहीत.

त्यांचे पणजोबा होळकरांच्या फर्राशखान्यात होते, म्हणजे दरबारात गालिचे घालणं आणि आल्यागेल्याला योग्य जागी बसवणं हे त्यांचं काम. बाकीचे भाऊबंद पणजोबांच्या हातात तलवार देऊन मोकळे होत. दौलतराव मात्र गालिचेच सांगत, आणि ताठ मानेनं सांगत. त्याच पणजोबांकडून घरात आलेला एक नियम त्यांनी उचलला होता. पाहुणा जेवल्याशिवाय यजमानानं जेवायचं नाही.

आता अतिथिगृहातले पाहुणे काही संपत नाहीत. शेवटचे प्राध्यापक हात धुऊन, मूठभर बडीशेप घेऊन, दालबाटी पचायला किती जड असते हे सांगून वर गेले की दौलतराव स्वयंपाकघरात उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकत. इकडे मल्हारगंजातल्या घरी त्यांच्या बायको उषाबाई दोन ताटं झाकून बसलेल्या. त्यांच्या माहेरचा नियम वेगळा होता. नवऱ्याआधी जेवायचं नाही. दौलतराव घरी येऊन म्हणत, "मी तर खाऊन आलो," आणि उषाबाई एक ताट उचलून ठेवत, दुसऱ्यावर एकट्या जेवत. असा सगळा संसार झाला. मुलगी सोनल त्यातच मोठी झाली आणि लग्न होऊन रतलामला गेली. नवराबायकोत भांडण म्हणून कधी झालं नाही. भांडायलासुद्धा दोघांनी एका वेळी बसावं लागतं.

दौलतराव निवृत्त झाले. सदन चालवणाऱ्या ट्रस्टतर्फे अशा वेळी भिंतीवरचं घड्याळ देण्याची पद्धत होती, पण आधीच्या सगळ्या निवृत्तांची घड्याळं बंद पडल्यामुळे सचिवांनी निरोपाच्या भर सभेत विचारलं, "दौलतरावजी, तुम्हीच सांगा, काय द्यायचं?"

"काही नको साहेब," दौलतराव म्हणाले. हे उत्तर सगळ्यांना अपेक्षित होतं.

"एक रात्र इथे राहायचंय," मागच्या रांगेतून उषाबाई म्हणाल्या. "दोघांनी. पाहुण्यांसारखं." हे कोणालाच अपेक्षित नव्हतं. तरी टाळ्या वाजल्या, आणि एक नंबरची खोली जेवणासकट मंजूर झाली.

रिक्षात दौलतराव कुरकुरले. "हे काय मागून बसलीस? लोक हसतील ना यार."

"हसू देत. मला तुमच्याबरोबर टेबलावर बसून जेवायचंय. गरम. एकदा. बाकी काही नको मला."

"हात्तिच्या, एवढंच? बिलकुल जेवू."

ठरल्या दिवशी दोघं सूटकेस घेऊन आली. उषाबाईंनी ठेवणीतली महेश्वरी नेसली होती. खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी नर्मदेचं चित्र निरखून पाहिलं, मग पलंगावर बसून घंटीचं बटण दाबलं. आचारी शाम धावत आला. "हुकुम, काकीजी." त्यांनी पाणी मागितलं. पाण्याचा तांब्या टेबलावर होताच, पण शामनं दुसरा आणला.

"त्याला उगाच परेशान नको करू," दौलतराव म्हणाले.

"पाहुणी आहे मी," उषाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी सदनात मातीच्या आरोग्यावर परिषद होती आणि महाराष्ट्रातून बरीच मंडळी आली होती. संध्याकाळी भोजनगृहात उषाबाईंनी खिडकीजवळचं टेबल निवडलं. दौलतरावांनी खुर्ची ओढली, आणि तेवढ्यात माती-मंडळींच्या टेबलावरचे पापड संपलेले त्यांना दिसले. "बस दोन मिनट," असं म्हणून ते गेले. पापडावरून कढी निघाली, कढीवरून अकोल्याच्या एका प्राध्यापकांना तिखट चालत नाही हे निघालं. नवा व्यवस्थापक नचिकेत म्हणाला, "सर, आज आप गेस्ट हो," आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. दौलतरावांना त्याचं म्हणणं पटलं. त्यांनी कांदा-लिंबाची ताटली पुढच्या टेबलावर नेली.

शामनं उषाबाईंसमोर फुगलेल्या पुऱ्यांचं ताट ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"काकीजी, ठंडो हुई रियो है."

"ते येऊ देत."

दौलतराव लांबून खुणा करत होते, जेव, जेव. दौलतराव पाहुण्यांच्या उठण्याची वाट पाहत होते आणि उषाबाई दौलतरावांच्या येण्याची. पुऱ्या बसल्या. मातीची मंडळी मनापासून जेवली, आणि मातीशी संबंध असलेली माणसं भूक लागल्यावर काय करू शकतात हे भांड्यांवरून दिसत होतं. हॉल रिकामा झाला, गार ताट आत गेलं, टेबल पुसलं गेलं. मग दौलतराव हात पुसत आले आणि समोर बसले. "हां, आता जेवू."

उषाबाई उठल्या. ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत जिना चढल्या. दौलतराव मागोमाग गेले, तर त्यांनी सूटकेस उघडलेली.

"काय चाललंय?"

"घरी जाऊ. तिथे निदान कुकर तरी माझा आहे."

"थांब, मी खाली जाऊन काहीतरी बनवून आणतो."

"तुम्ही खाली गेलात की मी चालले."

या बाईनं आजवर 'चालले' असं कधी म्हटलं नव्हतं. दौलतरावांना खरोखर भीती वाटली, आणि तिच्या पाठोपाठ लाजही. इतक्या वर्षांत या इमारतीतून एकही पाहुणा उपाशी गेला नव्हता. पहिली ही निघाली होती, आणि जिन्यानं उतरताना तिला हात द्यावा लागणार होता तो त्यांनाच.

त्यांनी घंटीचं बटण दाबलं. ती घंटी त्यांनी आजवर फक्त खालून ऐकली होती.

"शाम, खायला काय आहे?"

"सब निपटी ग्यो, भिया. बस हमारी खिचडी है, स्टाफ की."

स्टाफची खिचडी पाहुण्याला द्यायची नाही, हा दौलतरावांचाच नियम होता. "दोन ताटं आण," ते म्हणाले.

शाम ट्रे घेऊन आला, तशी दौलतरावांनी ताटं मांडायला हात पुढे केले. "आप बैठो भिया," शाम म्हणाला आणि त्यानं ट्रे सोडला नाही. दौलतराव बसले. हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले. उषाबाई समोर बसल्या. खिचडीतून वाफ येत होती. शाम गेला. दौलतरावांनी घास कालवला, आणि दार वाजलं.

"दौलतराव आहेत का? आमचा गिझर चालत नाहीये," बाहेरून आवाज आला. राहुरीहून परिषदेला आलेल्या डॉ. सुरुची होत्या. दौलतराव खुर्चीतून अर्धे उठलेच होते. उषाबाईंनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः जाऊन दार उघडलं.

"ते जेवताहेत," त्या म्हणाल्या.

"ओह, सॉरी. मग थोड्या वेळानं येऊ का?"

"जेवताहेत ते," उषाबाईंनी त्याच सुरात पुन्हा सांगितलं. "नचिकेत सरांना सांगा." आणि दार लावून कडी घातली.

दौलतरावांनी ते ऐकलं. हे वाक्य आजवर त्यांच्याबद्दल कोणी बोललं नव्हतं, आणि बोललं असतं तरी खोटं ठरलं असतं. आत्ताही ते खोटंच होतं. घास बोटांत तसाच होता.

उषाबाई परत येऊन बसल्या. "अहो, थांबलात कशाला? गार होतंय."

"तू कुठे जेवलीस अजून," दौलतराव म्हणाले. "पाहुणी तू आहेस ना. तू पहिले घे."

उषाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून जे केलं नव्हतं ते करायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी नवऱ्याआधी घास घेतला.

मग दौलतराव जेवले. बसून.