चारी कोपऱ्यांतली रानमोहरी

रानमोहरी आम्ही कधी पेरली नाही, तरी दरवर्षी हरभऱ्यात उगवते. निलंग्याजवळच्या आमच्या काळ्या रानात मी कंबर मोडेपर्यंत ती उपटते आणि ती पुन्हा वर येते. तणनाशक मारावं तर हरभराही जळतो. सासूबाईंचा मात्र तिच्यावर जीव. कोवळ्या पाल्याची भाजी करतात, बी फोडणीला अन् दृष्ट काढायला ठेवतात. विकतची मोहरी त्यांनी कधी घरात येऊ दिली नाही.

गेल्या वर्षी तिच्या दाटीत हरभरा पिवळा पडून वाळायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "रानाला नजर लागली." मग मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन त्या बांधानं फिरल्या आणि एकेका कोपऱ्यात फेकू लागल्या. घरी दृष्ट काढली की मोहरी चुलीत टाकतात. मी ओरडले, "आत्या, जाळा की ती! तेच बी रानात टाकायलात!"

"उभ्या पिकात इस्तू न्यायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

यंदा चारी कोपरे फुलांनी पिवळेधमक झाले. हरभरा शोधावा लागत होता. नवरा बांधावर बसला, तो उठेचना. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. "औंदाची नजर लई जबर हाय. आता माझ्यानं चालवत न्हाई, तू उतरव."

उपटून उपटून सोललेल्या माझ्या हातावर त्यांनी बी ओतलं. दुसरं काही सुचत नव्हतं. मी बांधानं चालत गेले आणि पहिल्या कोपऱ्यावर मूठ उघडली.