हत्यारांची सुट्टी

हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगताना आमच्या जॉन्सनव्हिलच्या एका मैत्रिणीला असा ठसका लागला, की तिच्या नव्या सोफ्यावरच्या डागाचं खापर अजून माझ्याच डोक्यावर फुटतं.

तर, मी स्कीला धार लावते.

हो, बरोबर ऐकलंत. स्की. बर्फावरून घसरायला पायाला बांधतात त्या लांब पट्ट्या. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसते आणि हिवाळा आला की शनिवारी कॉलिनच्या गराजमध्ये ॲप्रन बांधून उभी राहते. कॉलिन म्हणजे सत्तरीचा किवी गृहस्थ. बाहेर गारा पडोत नाहीतर वारं सुटो, हा शॉर्ट्स आणि जँडल्समध्ये, म्हणजे आपल्या रबरी चपलांमध्ये. गराजमध्ये स्की आणि स्नोबोर्ड दुरुस्तीचं वर्कशॉप, आणि शिवाय माझ्या लेकीच्या शाळेच्या स्की टीमचा हाच कोच.

आता तुम्ही विचाराल, पुण्याच्या बाईला हे कुठून सुचलं? अहो, सुचायचंय काय! भोसरीत माझ्या बाबांचं हत्यारांना धार लावायचं वर्कशॉप होतं. कारखान्यांतली बोथट झालेली कटर, ड्रिल यायची आणि चकचकीत होऊन जायची. इतर मुलींना अत्तरांचे वास आठवतात, मला कूलंट ऑइलचा आठवतो. पहिल्यांदा कॉलिनच्या गराजमध्ये पाऊल टाकलं, त्या वितळलेल्या मेणाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास नाकात गेला, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कॉलिनला वाटलं मला मेणाची ॲलर्जी आहे. त्यानं लगबगीनं दार उघडलं.

स्कीचं काम तसं सोपं. आधी दोन्ही बाजूंच्या लोखंडी कडांना कानशीनं धार लावायची. मग तळावर मेण वितळवून थेंब थेंब सोडायचं, ते इस्त्रीनं पसरायचं आणि निवू द्यायचं. आणि मग, ऐका हं, मग ते सगळंच्या सगळं खरवडून काढून टाकायचं! पहिल्या दिवशी मी कॉलिनला विचारलं, "काढायचंच आहे तर लावायचं कशाला?"

तो म्हणाला, "तळानं जेवढं प्यायचं तेवढं प्यायलं. वर राहिलेलं मेण बर्फाला चिकटतं. स्की पळत नाही, रांगते."

मला लगेच पटलं. बाळाला तेल चोळतो, पण तसंच तेलकट ठेवतो का? न्हाऊ घालतोच ना!

हे नीट लक्षात ठेवा. खरवडलं नाही तर स्की रांगते. मला हे पाठ होतं. तरी पुढचं घडलं.

माझी लेक ईरा तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. सुरुवातीला तिला माझ्या या उद्योगाची कोण लाज! शाळेतून आणायला गेले की म्हणायची, "मम, यू स्मेल लाइक अ कँडल." आणि दहा पावलं पुढे चालायची. पण त्या हिवाळ्यात मी तिच्या मैत्रिणींच्या स्की करून दिल्या, त्या जोरात पळायला लागल्या, आणि वारं फिरलं. एकदा गाडीत मागच्या सीटवरून ऐकू आलं, "माय मम डझ देम." काय सांगू, तेवढ्या चार शब्दांवर मी पुढचा महिना तरंगत होते. सीझनच्या शेवटच्या शर्यतीसाठी अख्ख्या टीमच्या स्की मी करायच्या असं ईरानंच परस्पर कबूल करून टाकलं. वर मलाच दम, घोळ घालू नकोस म्हणून: "मम, डोंट स्टफ इट अप, ओके?"

"तुझ्या आजोबांची मुलगी आहे मी," मी ऐटीत म्हणाले.

आणि नेमकी आली खंडेनवमी.

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. यंत्रं धुऊन-पुसून लख्ख करायची, कानशी, पाने, कटर सगळं पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. मी नवा फ्रॉक घालून सगळ्यात पुढे. आरती झाली की बाबा मला जवळ घेऊन गंभीरपणे सांगायचे, "आज हत्यारांची सुट्टी. वर्षभर राबतात बिचारी. आज त्यांना हात लावायचा नाही, नाहीतर रुसतात." मग माझ्या हातात पेढ्यांचा पुडा देऊन मला घरी धाडायचे. रोज घरघरणारं ते वर्कशॉप त्या एका दिवशी शांत असायचं. ती शांतता मला फार आवडायची. वाटायचं, मोठं ग्राइंडर मस्तपैकी झोपलंय.

तो नियम मी कधी मोडला नाही. कॉलेजात वर्कशॉपचं प्रॅक्टिकल बुडवलं, पण खंडेनवमीला कानस हातात धरली नाही.

त्या वर्षी खंडेनवमी आली शनिवारी, आणि शर्यत होती सोमवारी, रुआपेहूच्या डोंगरावर. शुक्रवारी ऑफिसातून थेट गराजमध्ये जाऊन मी सगळ्या टीमच्या स्कींना धार लावली, मेण चढवलं. खरवडायचं तेवढं ठेवलं. कॉलिनच म्हणतो ना, मेण जितकं निवेल तितकं चांगलं! विचार केला, शनिवारी पूजा, रविवारी दसऱ्याला भल्या पहाटे येऊन खरवडायचं आणि मग सगळ्यांनी निघायचं. चोख हिशोब.

शनिवारी सकाळी गराजमध्ये गेले. कॉलिन कुठल्याशा कामाला बाहेर होता. इकडे झेंडू कुठला मिळायला? पण आमच्या कुंपणापाशी कोवाई, म्हणजे इथलं एक फुलझाड, पिवळीधमक फुलली होती. तिच्या माळा केल्या. स्कींच्या जोड्या तळाला तळ लावून पट्ट्यांनी बांधल्या, ओळीनं भिंतीशी उभ्या केल्या, प्रत्येकीच्या टोकाला हळद-कुंकू, गळ्यात माळ. इस्त्रीला कुंकू, कानशींना कुंकू, खरवडायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीलासुद्धा. बाबांना व्हिडिओ कॉल करून सगळं दाखवलं. तिकडे अजून पहाट होती, पण बाबा उठून बसले. म्हणाले, "वा! अगदी आपल्या भोसरीसारखं." मग चष्मा काढून पुसत बसले. मीही उगाच इकडेतिकडे बघत राहिले. मग दार ओढून घरी आले.

रविवारी पहाटे येऊन बघते तर काय! भिंत मोकळी. जमिनीवर नुसती कोवाईची फुलं.

कॉलिनला फोन लावला. तो डोंगरावर. हवामान बिघडणार म्हणून शनिवारी दुपारीच स्की ट्रेलरवर टाकून पुढे गेलेला.

"कॉलिन, स्की सगळ्या झाल्या ना?"

"ऑल गुड! काय सुंदर काम केलंयस! क्लबच्या हटमध्ये ठेवून कुलूप लावलंय. स्वीट ॲज, एकदम झकास!"

मला काय वाटलं सांगा बघू? वाटलं, यानं बिचाऱ्यानं स्वतः खरवडल्या आणि कौतुक मात्र माझं करतोय. किती मोठं मन! मी आपली भारावून "थँक्यू कॉलिन, थँक्यू" करत राहिले. त्यालाही कळेना, ही एवढे आभार कसले मानतेय.

रविवारी वाऱ्यामुळे डोंगर बंद. स्की हटमध्ये कुलुपात. म्हणजे कोणी एक फेरी मारून बघेल, तर तेही नाही. नशीब कसं पद्धतशीर काम करतं बघा!

सोमवारी लख्ख ऊन. आम्ही पालक खाली दोरीपाशी उभे. मी सगळ्यांना शिऱ्याचा डबा फिरवतेय आणि जो विचारेल त्याला, जो न विचारेल त्यालाही सांगतेय, "स्की मी केल्यात."

आमच्या टीममधला पहिला मुलगा सुटला. सुटला म्हणजे काय, निघाला. शेजारच्या शाळेची मुलं बाणासारखी गेली होती, हा आपला देवळात प्रदक्षिणा घालावी तसा. उतारावर! दुसरी मुलगी आली, ती मध्येच सपाट जागी थांबली आणि काठ्या रोवत चालायला लागली. तिसरी तीच गत. मग ईरा. वरून जोर लावून निघाली, दोन वळणं घेतली, आणि हळूहळू, हळूहळू, अगदी माझ्या डोळ्यांसमोर येऊन उभीच राहिली. लाल लाल चेहरा. सगळ्या डोंगरादेखत तिनं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या हातातला शिऱ्याचा चमचा हातातच राहिला.

"मम! व्हॉट डिड यू डू?"

कॉलिन धावत आला. स्की उलटी केली, तळावरून नख ओढलं. मेणाची ही जाड सालपटं निघाली!

"तू खरवडलं नाहीस?"

"मला वाटलं तू खरवडलंस!"

"मी कशाला खरवडेन? त्यांच्यावर फुलं होती!" कॉलिन हात पसरून ओरडला. "हार घातले होते! एवढ्या नटवून ठेवलेल्या स्की अर्धवट असतील असं कोणाला वाटेल?"

त्याचं बरोबरच होतं. नवरी बोहल्यावर उभी असताना तिला अंघोळ केलीस का असं कोणी विचारतं का?

"पण काल... म्हणजे परवा... हत्यारांना सुट्टी होती," मी पुटपुटले.

"कोणाला?"

बर्फात उभं राहून एका किवी कोचला खंडेनवमी समजावून सांगण्याची वेळ तुमच्यावर न येवो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दुसरी फेरी अजून आहे. आणि खरवडायची पट्टी?"

पट्टी? ती गराजमध्ये. कुंकू लावून बसलेली.

मग जे झालं ते त्या डोंगरानं कधी पाहिलं नसेल. सगळ्या आईबापांनी पाकिटं उघडली. कोणी ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, कोणी लायब्ररीचं कार्ड, मी आमच्या इंडियन किराणावाल्याचं. गुडघ्यांवर बसून सगळे स्की खरवडतायत, मेणाच्या पांढऱ्या साली उडतायत. एक बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "शिरा मात्र हेप्स गुड, एकदम फर्स्टक्लास होता." होता!

दुसऱ्या फेरीत स्की अशा पळाल्या की विचारू नका! ईरा तर टीममध्ये सगळ्यात पुढे. पण दोन्ही फेऱ्यांची वेळ मिळवतात हो. आमची टीम शेवटून पहिली.

मग परतीची वाट. नवरा समोर रस्त्याकडे बघत इमानेइतबारे गाडी चालवतोय. ईरा खिडकीला डोकं टेकून. तिनं ओरडून घेतलं असतं तरी चाललं असतं, पण ही गप्प. मला एकच भीती. पुन्हा ते "माय मम डझ देम" आता कधी कानावर पडायचं नाही.

वाटेत ताइहापे गावात 'पाय', म्हणजे इथली ती खिमा भरलेली भाजकी कचोरी, खायला थांबलो तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल. "काय गं, जिंकली का ईरा?"

मग मात्र मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. पूजा, फुलं, मेण, कार्डं. शेवटी मी म्हणाले, "तुमचा नियम पाळला बाबा, म्हणून हे झालं. पण पाळला मी."

पलीकडे बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं तेही रडतायत. कसले रडतायत! हसत होते. खोकला येईपर्यंत.

"अगं वेडे," ते म्हणाले, "खंडेनवमीला कसली सुट्टी? दसऱ्याला कारखाने माल मागायचे. तू पेढे घेऊन कोपऱ्यावर वळलीस की मी ग्राइंडर चालू करायचो."

"म्हणजे? पण तुम्ही तर सांगायचात..."

"तू सहा वर्षांची होतीस. पूजेच्या दिवशी नाचत नाचत आलीस आणि तुझ्या वेणीची रिबन चालू मशीनच्या पट्ट्यात गेली. मी बटण बंद केलं म्हणून वाचलीस. तुला ओरडवेना, तर हे सुचलं. तू पुढे इतकं मनोभावे पाळायला लागलीस, की खरं सांगवेना गं."

मी फोनकडे बघतच राहिले. माझ्या लहानपणीची ती सुंदर शांतता, ते झोपलेलं ग्राइंडर! मी वळणाआड जाईपर्यंतचीच होती ती. आणि ती माझ्यासाठी होती.

तेवढ्यात मागच्या सीटवरून खुसखुस ऐकू आली. ईरा! तोंडात त्या 'पाय'चा घास, डोळ्यांत पाणी, हसून हसून वाकलेली. माझ्या खांद्यावरून तिनं फोनमध्ये डोकं घातलं. आणि जी पोरगी आजवर आजोबांशी "हाय" आणि "बाय"पलीकडे गेली नव्हती, ती जन्मात पहिल्यांदा अख्खं मराठी वाक्य बोलली.

"म्हणजे आजोबा, हत्यारांना सुट्टी कधीच नव्हती. सुट्टी तुम्हाला हवी होती, आईपासून!"