हे दाबू का?

ही गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही, आणि आईला मी बहुतेक सगळं सांगते. दोन-तीनदा सुरुवात केली होती—आई, ऑफिसमध्ये एकदा—आणि मग संध्याकाळी भाजी कोणती करायची इथं येऊन थांबले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा—नाही, कारण काहीच नाही.

दुष्काळाची वर्षं होती. वाळूजच्या रस्त्याला नवं प्लॉटिंग पडत होतं, नळ यायच्या आधी घरं उभी राहत होती. त्या घरांना पाणी पुरवणाऱ्या एका टँकरवाल्याकडे मला नोकरी लागली. छावणीजवळ एका गाळ्यात ऑफिस. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, फोन वाजला तरी दचकणारी. कॉम्प्युटरपुढे बसायचं काम मिळालं, याचंच मला हायसं वाटलं.

फोन रझिया आपा घेत. मूळच्या सिल्लोडच्या. कुणाला टँकर, कोणत्या वारी, हे सगळं त्या कित्येक वर्षं एका जुन्या मशीनवर टाकत आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'इंग्लिश मॅडम' ठेवलं आणि स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. "खा बेटा. कॉम्प्युटरनं पोट भरत नाय."

अण्णांना रोजचा रिपोर्ट हवा होता. म्हणून माझ्या नव्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर आलं, आणि ते आपांच्या मशीनवरच्या डेटाबेसला जोडायचं काम माझ्याकडे. जोडणी होईना. दरवेळी स्क्रीनवर तीच चौकट—ड्रायव्हर सापडत नाही. टँकरचा नव्हे, सॉफ्टवेअरची डेटाबेसशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम. पासवर्ड बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. शेवटी कळलं की सॉफ्टवेअर चौसष्ट बिटचं आणि मी टाकलेला ड्रायव्हर बत्तीसचा. योग्य तो टाकला, आणि आपांच्या सगळ्या नोंदी माझ्या स्क्रीनवर उतरल्या. अण्णांनी चहा मागवला. आपांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी लांबण लावते आहे. कळतंय मला.

जोडताना सॉफ्टवेअर विचारतं—नोंदींची प्रत घ्यायची, की मूळ टेबलच, म्हणजे आपांच्या मशीनवरचा तक्ताच, जोडायचं? मी जोडलं होतं. आणि त्या आनंदात धरून चालले की समोर आहे ती प्रत. त्यात एकेक नाव पुन्हापुन्हा दिसत होतं. तेच नाव, तोच फोन, तोच वार. मला वाटलं, आपांचा गोंधळ. मला नीटनेटकेपणाची हौस. प्रत्येक नावाची एक ओळ ठेवली, बाकीच्या निवडल्या. सूचना आली, स्वच्छ इंग्रजीत, की हे पुसलं तर परत आणता येणार नाही. मी ती वाचली. मला इंग्रजी येतं, नाही का? वाचली, आणि 'येस' दाबलं.

त्या जादा ओळी नव्हत्याच. तिकडे अख्खी गल्ली एकाच्या नावानं पाणी लावायची—ज्याचा फोन हमखास लागतो त्याच्या. जितकी घरं तितक्या वेळा तेच नाव. हे आपांना विचारायला मला फक्त खुर्चीवरून उठायचं होतं. मी विचारायला लाजले.

त्या आठवड्यात प्रत्येक गल्लीला टँकरची एकच फेरी गेली. पुढच्या घरांचे ड्रम भरले, मागच्यांचे कोरडे राहिले. बायका ऑफिसच्या दारात आल्या. एक जण तापानं फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन पायरीवर बसली ती उठेचना.

काय झालं ते शोधायला अण्णांनी कुणाला सांगितलं असेल? मला. मी टेबलांची यादी उघडली. नावाच्या बाजूला एक छोटा बाण होता. तो बाण म्हणजे जोड—इथं पुसलं की तिथंही पुसलं जातं. आठवडाभर तो तिथंच होता. अण्णा खुर्चीमागे उभे होते. आणि मी म्हणाले—इंग्रजीत म्हणाले, कारण इंग्रजीत माझा आवाज कापत नाही—"इट वॉज डिलीटेड फ्रॉम द अदर मशीन."

अण्णा आपांकडे वळले. दारातल्या बायकांदेखत त्यांना नाही नाही ते बोलले. ते संपल्यावर आपांनी मला हळूच विचारलं, "तू काय बोलली, बेटा?"

मी मराठीत सांगितलं, की तुमच्याकडून चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. तो 'असेल' मी कशासाठी ठेवला?

त्या भांडल्या असत्या तर मी खरं बोलले असते का? माहीत नाही. त्या भांडल्या नाहीत. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दबलं असंल."

दोन दिवस त्या एकेका गल्लीला फोन लावत होत्या. माझ्या हातून झालं, माफ करा, असं प्रत्येकाला सांगून घरं लिहून घेत होत्या. मी शेजारी बसून ती पुन्हा टाकत होते. पाणी पोचलं. पण त्यानंतर आपा कुठलंही बटण दाबायच्या आधी माझ्याकडे बघायला लागल्या. "बेटा, हे दाबू का?" साध्या एंटरसाठीसुद्धा. आणि मी—हो आपा, दाबा. रोज. हळूहळू नोंदी माझ्याकडे आल्या, माझा पगार वाढला. पुढे एक दिवस आपा यायच्या बंद झाल्या. अण्णांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मागच्या महिन्यात छावणीच्या बाजारात एटीएमच्या रांगेत त्या माझ्या पुढे होत्या. पाठ ओळखली मी. दार उघडंच होतं. त्यांनी कार्ड आत सरकवलं, बोट बटणापर्यंत नेलं आणि तिथंच थांबवलं. मग वॉचमनला हाक मारली. "भैया, ये दबाऊँ क्या?"

मी ओढणी पुढे ओढली आणि रांगेतून बाहेर पडले. पैसे काढायचे होतेच. पुढच्या चौकातल्या एटीएममधून काढले.