गोपाळमामा हसला की हसायचं

निपाणीच्या टॉकीजात हसू दोनदा यायचं. कन्नड सिनेमा लागला आणि पडद्यावर कुणी विनोद केला, की कन्नड जाणणारे आधी हसायचे. मग रांगारांगांतून "काय म्हणाला रं? काय म्हणाला?" अशी कुजबुज सुरू व्हायची. जाणत्यानं शेजाऱ्याला मराठीत सांगायचं, शेजाऱ्यानं पलीकडच्याला, आणि पुढचा विनोद निघून गेल्यावर उरलेलं टॉकीज खदाखदा हसायचं. परक्या माणसाला वाटावं, आत एकाच वेळी दोन सिनेमे चाललेत. आम्हा सीमाभागातल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे. मराठी सिनेमाला हीच गंमत उलट्या बाजूनं व्हायची.

माझा गोपाळमामा पहिल्या हशातला. तो तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होता. माणूस काटकुळा, पण हसू असं दणदणीत की खालच्या बाकांवरची माणसं वर बाल्कनीकडं बघायची. आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि मग "हा हा" करत तो पुढच्या खुर्चीवर जवळजवळ आडवाच व्हायचा. त्याच्या कपड्यांतून तंबाखूची पूड उडायची आणि पुढचे लोक हसता हसता शिंकायचे. हळूहळू निपाणीच्या मराठी लोकांनी भाषांतराची वाट बघणं सोडून दिलं. गोपाळ हसला की हसायचं, असा रिवाजच पडला. अर्थ काय तो बाहेर चहा पिताना विचारता येत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेळगावहून, म्हणजे शहापुरातल्या आमच्या घरून, मामाकडं राहायला जायची. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं सगळे लाड माझेच. मामी माहेरची धारवाडची. तिचं नाव मधुवंती, कारण तिच्या वडिलांना गाण्याचं वेड. ती कन्नड घरातली, सासरी येऊन मराठी शिकली, आणि अखेरपर्यंत "चला की घरला" असंच म्हणत राहिली. सिनेमाला ती मामाच्या डाव्या बाजूला बसायची. तोंडावर पदर, मान ताठ. सगळं टॉकीज लोळत असलं तरी हिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. लोक हळहळायचे. देव कसा आंधळा बघा, एवढ्या हसऱ्या माणसाच्या गळ्यात ही खाष्ट बाई बांधली! माझी आई तर सख्खी नणंद, ती कशाला मागं राहील? ती म्हणायची, "वैनीला गुदगुल्या केल्या तर ती आधी कपाळाला आठ्या घालील."

एका सुट्टीत लागलेला ठगाचा सिनेमा मी जन्मात विसरणार नाही. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. त्यातला ठग गोडबोल्या, कोट-टोपीवाला, कुणा गरिबाच्या वाटेला न जाणारा. तो फौजदाराची फटफटी पळवतो, तिला हिरवा रंग देतो आणि त्याच फौजदाराला विकतो. वर सांगतो, "साहेब, ही गाडी बघताक्षणी तुमचीच वाटते." टॉकीज पेटलं. खाली बसलेला यल्लाप्पा हमाल बाकावर उभा राहून ओरडला, "घे घे, इस्वास ठेव!" ठग पकडला जायची वेळ आली की शंभर तोंडं त्याला पडद्याबाहेरून सावध करायची, "पळ रं, मागं बघ!" ड्यूटीवरचा पोलीस दाराशी उभा राहून फुकट बघत होता, तो सगळ्यांत मोठ्यांदा. घरी ज्याला कुणी फसवलं असेल, तोसुद्धा त्या दोन-तीन तासांपुरता ठगाच्या बाजूचा.

मग तो प्रसंग आला. नायिकेचा म्हातारा बाप खाटेवर पडलेला, पोरगी छाती पिटून रडतेय, कन्नड बायका पदरानं डोळे पुसताहेत. सगळीकडं चिडीचूप. आणि त्या शांततेत माझा मामा गडगडाट करून हसला. मामा हसला म्हणून आख्खी मराठी बाजू हसली! रिवाज तो रिवाज. कन्नड मंडळी वळून बघायला लागली. एक धिप्पाड गृहस्थ उभे राहून लाज वाटत नाही का म्हणून कन्नडात तोंडसुख घ्यायला लागले. मी खुर्चीत घुसून बसले. मामा क्षणभर गोंधळला, मामीकडं वळला, मग घसा साफ करून मोठ्यांदा म्हणाला, "थांबा की जरा. म्हातारा मेलेला न्हाय."

आणि खरंच मेलेला नव्हता. इंटरव्हलनंतर म्हातारा तिरडीवरून टुणकन उठला. सावकाराला फसवायला ठगानं रचलेलं ते सोंग होतं. टॉकीजात टाळ्या पडल्या त्या म्हाताऱ्यासाठी नव्हत्या, बाल्कनीतल्या माझ्या मामासाठी होत्या. ते धिप्पाड गृहस्थ बाहेर येऊन मामाचा हात हातात घेऊन म्हणाले, आम्ही जन्माचे कन्नड, आम्हाला कळलं नाही ते तुम्हाला कसं कळलं हो? मामा नम्रपणे हसला. मामी म्हणाली, "चला की घरला."

त्या दिवसापासून मामा कन्नडातला पंडित ठरला. कचेरीतून कन्नडात काही कागद आला की मराठी माणसं ते घेऊन त्याच्या दारात. मामा चष्मा लावून वरून खाली नजर फिरवायचा, "हं" म्हणायचा, "ठेवून जा, सकाळी सांगतो. घाईचं काम न्हाय हे." सकाळी बरोबर अर्थ सांगायचा. मान असा की लग्नकार्यात धारवाडकडचे पाहुणे आले, तर त्यांच्याशी बोलायला गोपाळ दिवाणजींना पुढं बसवायचे. मामा पाहुण्यांकडं बघून नुसता हसायचा, मान डोलवायचा, आणि पाहुणे खूश व्हायचे.

गेल्या वर्षी मामी गेली. मामाला एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी त्याला शहापूरला घेऊन आले. माझा नवरा आशिष भला माणूस, त्यानं आपली खिडकीजवळची खोली मामाला दिली. मामा जेवायचा, फिरायला जायचा, गल्लीतल्या विणकरांच्या मागांचा आवाज ऐकत बसायचा. पण हसणं संपलं. टीव्हीवर काय काय लावून बघितलं. बँकेतल्या माझ्या साहेबांची नक्कल करून दाखवली, जी ऐकून आशिष गडबडा लोळतो. मामा म्हणायचा, "छान करतीस." छान म्हणे! मला राग यायचा, आणि रागाच्या खाली भीती असायची. हसण्याशिवाय मामा म्हणजे कोण, हे मला माहीतच नव्हतं.

एक दिवस तो म्हणाला, "वसू, मला निपाणीला सोड आता. हितं नुसता बसतो, तिथं बी नुसताच बसंन."

"त्या रिकाम्या घरात?"

"व्हय."

मी म्हटलं, आधी रविवारी माझ्याबरोबर सिनेमाला चल, मग बघू. एक नवा कन्नड सिनेमा लागला होता, ठगाचाच, हलकाफुलका. बँकेत ज्याच्या-त्याच्या तोंडी त्याचंच नाव, आणि बँकेत रोज कन्नड बोलून बोलून मला ती भाषा एव्हाना चांगली कळत होती. मी मनाशी ठरवलं होतं, एवढं करून मामा हसला नाही तर माझी हार. मग त्याला निपाणीला सोडायचं, उगाच पिंजऱ्यात ठेवायचं नाही.

मॉलमधल्या त्या थंडगार थिएटरात मामा स्वेटर घालून बसला. सिनेमा सुरू झाला. लोक हसत होते, पण आपापल्या खुर्चीत, आपापल्यापुरतं. ओरडणं नाही, ठगाला सावध करणं नाही. पुढं एक जोडपं मोबाइल बघत होतं. मी दर विनोदाला मामाकडं बघायची. हा दगड! उलट तो पडद्याकडं बघतच नव्हता. त्याची नजर सारखी डावीकडं, खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या माझ्या हाताकडं. हॉल हसला की तो दचकायचा आणि पुन्हा माझ्या हाताकडं बघायचा.

इंटरव्हलला दिवे लागले आणि मी फणकारले. "मामा, निदान हसल्यासारखं तरी कर की रे!"

"कधी हसायचं ते कोन सांगनार?" मामा म्हणाला.

"म्हणजे?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग लहान मुलानं चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाला, "मला कन्नड येत न्हाय, वसू. 'ऊटा आयतेन', 'नीरु कोडी'. जेवन झालं का आन् पानी द्या. संपलं."

निपाणीचा पंडित!

मग त्यानं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा धारवाडला गेला, तेव्हा सासरच्या गोतावळ्यानं जावयाला सिनेमाला नेलं. सगळे हसत होते आणि हा खांबासारखा बसलेला. मेहुणे म्हणाले, जावयाला ऐकू येत नाही वाटतं. मामीला ते फार लागलं. परत आल्यावर ती त्याला एकट्याला सिनेमाला घेऊन गेली आणि म्हणाली, मी कोपर मारते, तुम्ही हसा. "तिचं कोपर लागलं की हसायचं. हळू लागलं तर हळू, जोरात लागलं तर जोरात. पुढं लोकास्नी माझं हसनं आवडाय लागलं, मग सोडता येईना. कचेरीचं कागद बी तीच वाचायची. चुलीम्होरं बसून मला समजावून सांगायची."

"आणि तो म्हातारा? मेलेला नाही हे तुला कसं कळलं?"

मामाच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. "कुठलं कळतंय! तुझी मामी रडत हुती. डोळं पुसाया हात उचलला तिनं, ते कोपर लागलं मला. म्या आपला हसलो. मग तिच्याकडं वळलो तर ती पदराआडून म्हनती, काय केलंसा वो हे, आता म्हनून टाका म्हातारा मेलेला न्हाय. ठगाचा सिनेमा हाय, निघंल जित्ता. पुढं देवालाच काळजी."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. पडद्यावरच्या ठगाला सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, आणि खरी ठगांची जोडी वर बाल्कनीत बसली होती. एक हसणारा, एक खाष्ट. कुणाला संशय म्हणून आला नाही. माझ्या आईला तरी कधी येणार!

दिवे मालवले. मला वाटलं, सापडली किल्ली. ठग बोलायला लागला, विनोद जवळ आलेला मला कळला, आणि मी माझं कोपर हळूच मामाच्या बरगडीत मारलं.

मामानं ते अलगद बाजूला केलं. "नको. ते तिचं काम."

हॉल हसला आणि गप्प झाला. मी हिरमुसून बसले. मनात आलं, उद्या त्याची पिशवी भरायला घ्यावी.

थोड्या वेळानं मामाच माझ्या कानाशी वाकला. "काय म्हनाला गं तो?"

पडद्यावर असं चाललं होतं, की फसलेला एक व्यापारी भडकून ठगाच्या घरी येतो. ठग दार उघडतो आणि म्हणतो, अरेरे, तुम्हालाही फसवलं? बसा, मीपण त्याच नालायकाची वाट बघतोय सकाळपासून. मग दुसरा फसलेला येतो, तिसरा येतो. ठग सगळ्यांना बसवतो, चहा पाजतो, आणि त्या नालायकाविरुद्ध त्यांची संघटना काढतो. मी मामाच्या कानात घाईघाईनं सगळं मराठीत सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि आता अध्यक्ष कोण करायचा म्हणून मतदान घेतलं. सगळ्यांनी एकमतानं ठगालाच निवडून दिलं!"

मामानं पडद्याकडं बघितलं. मग खांदे हलले. मग पोट. आणि सगळं थिएटर शांत झालेलं, पडद्यावर नायिकेचं काहीतरी हळुवार चाललेलं, अशा वेळी माझा मामा हसला. तेच ते, पुढच्या खुर्चीवर आडवं होत, निपाणीचं. मोबाइलवालं जोडपं दचकून वळलं. मागून कुणीतरी "श्श" केलं. पण ते हसू थांबणाऱ्यातलं नव्हतं. एक पोरगी फिस्सकन हसली, मग तिच्या शेजारची, आणि बघता बघता आमच्या पुढच्या दोन-तीन रांगा कशाला हसतोय हे न कळता हसायला लागल्या.

हसता हसता मामाचा श्वास अडकला. त्यानं स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

"वसू, हे असलं सगळं तिला कळत हुतं गं," तो म्हणाला. "पोट धरून लोळावं असलं. आन् ती हसू गिळून, माझ्याकडं ध्यान ठेवून बसायची. ती हसली असती तर कोपर मारायला चुकली असती की. माझं हसू वक्ताला यावं म्हनून ती जलमभर हसली न्हाय."

मी त्याचा हात धरला. मामी कशी हसायची, हे मामासकट जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी काही बोललं आणि हॉल पुन्हा हसला. मामानं नाक ओढलं आणि माझं मनगट हलवलं.

"आता काय म्हनाला? सांग की लवकर."