खुर्चीसकट नेणारी गाडी

हसायचंच असंल तर माझ्या तोंडून ऐकून हसा. सेनगावचे लोक तर मीठमसाला लावून सांगून राहिलेत.

साखरेच्या बिमारीनं माझा उजवा पाय कापला, तवापासून मी चाकाच्या खुर्चीवर. नातीचा साखरपुडा नरसीला, लेकीच्या घरी. आबा आल्याबिगर अंगठी घालणार न्हाई म्हणून पोरगी अडून बसलेली. जायचं कसं? स्टँडवर भाड्याच्या गाड्यांची रांग, पण खुर्ची एकीतबी जाईना. एक म्हणे, खुर्ची टपावर बांधू अन् तुमाला उचलून कोंबू. मी काय सोयाबीनचं पोतं हाय? पाय नसलेल्या माणसानं घराबाहेर पडायचंच न्हाई, असं ठरलंय का तालुक्यात?

तेवढ्यात पिंपळाखाली पांढरी गाडी दिसली. मागचं दार उघडं, आतून लोखंडी फळी थेट भुईला टेकलेली. मला पायजे ती हीच! बाजूला मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं, पण मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस.

ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, ही गाडी तसली न्हाई."

"फळीवरून खुर्ची चढती का?"

"चढती. पण गाडी कशाची हाय ते तरी..."

"तुला भाडं पायजे का भाषण ठोकायचंय?"

बिचाऱ्यानं खुर्ची चढवली, दोरीनं बांधली.

दार लागलं अन् अंगावर काटा आला. भर दुपारी आत गारठा. कापराचा वास. कोपऱ्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. काचेतून पाहतो, तर रस्ता मुका झालेला. गाडी दिसली की माणसं बोलता बोलता थांबायची, टोपी काढून हात जोडायची. बाया पदर ओढून तोंड फिरवायच्या. एक कुत्रं तेवढं गळा काढून रडलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला मान देऊन राहिलेत. मी बी एकाला उलटा नमस्कार केला. तो मटकन खालीच बसला.

मग माझा डोळा लागला. नेमकं तवाच फाट्यावर आमच्या गल्लीतल्या एकानं काचेतून माझं वासलेलं तोंड पाहिलं, अन् लेकीला फोन लावला.

नरसीत जाग आली ती रडारडीनं. मांडवाचे हार उतरवून राहिले होते. नवरदेवाकडचे निघायच्या तयारीत. दार उघडलं, अन् मी म्हणालो, "काहून रडता? मला खाली घ्या."

कुणी हलंना. होणारे व्याही, नवरदेवाचे वडील, दोन पावलं मागं सरकले. शेवटी नातीनं बोट माझ्या नाकाखाली धरलं.

"आबा, जित्ते हाव व्हय?"

ड्रायव्हर लेकीला म्हणाला, "ताई, मढ्याची गाडी हाय हे सांगायला दोनदा तोंड उघडलं. ऐकूनच घेईनात."

व्याही म्हणाले, माणूस जिवंत हाय, सुतक न्हाई, होऊ द्या साखरपुडा. पण त्यांची म्हातारी आई आडवी आली. मातीहून आलेला माणूस आंघोळीबिगर घरात घेत न्हाईत, मग हा तर त्या गाडीतूनच उतरलेला. झालं. खुर्चीसकट मला अंगणात नेलं अन् नव्या धोतरावर दोन बादल्या थंड पाणी ओतलं.

अंगठी घातली बराबर वेळेवर. लोक दुसऱ्याच्या मातीची आंघोळ करतात. मी माझ्याच मातीची केली, अन् जावयाची फुलाफुलाची बर्मुडा घालून फोटोत मधोमध बसलो.