मागच्या भिंतीचं कारण

एमिल वर्गो हा पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या गावातला निवृत्त गवंडी. चाळीस वर्षं त्यानं विटा रचल्या. राहतं घरही स्वतःच्या हातानं बांधलं. यंदा काउंटीनं त्या घराची किंमत इतकी चढवली, की घरपट्टी पेन्शनला जड जाणार होती. अपिलाला एक ऑगस्टपर्यंत मुदत होती.

शेजारचा पीट साबोल अर्ज घेऊनच आला. गावातली निम्मी अपिलं त्यानंच लढवलेली.

"मिस्तरी, मागच्या भिंतीचे फोटो काढ. विटांचे पापुद्रे सुटलेत. घर पडीक आहे म्हणून लिहू."

"माझ्या घराला पडीक म्हणतोस?"

"एक दिवस म्हण की लेका! अपील जिंकलं की पुन्हा राजवाडा."

तो गेल्यावर एमिलची बायको आयरीन अर्ज भरायला बसली. 'नुकसानीचं कारण' या रकान्यात तिनं लिहिलं, रस्त्यावरच्या ट्रकांचे हादरे. इतकी वर्षं एमिल तिला हेच सांगत आला होता.

"कर सही."

एमिलनं पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

ट्रकांचा काही संबंध नव्हता. घर बांधलं त्या वर्षी नोव्हेंबरातच पाणी गोठू लागलं होतं, आणि नाताळाआधी राहायला यायचं होतं. अशा थंडीत वाळू तापवायची, पाणी तापवायचं, रचलेली भिंत रात्री ताडपत्रीनं झाकायची. तेवढे कष्ट त्यानं घेतले नाहीत. सिमेंट-वाळूचा माल गोठू नये म्हणून त्यात मीठ टाकलं. मीठ विटेत मुरतं आणि तिला आतून खातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच हिवाळ्यात शाळेच्या कामावर मिलान कोस्टिकनं मालात मीठ टाकलं, तेव्हा मुकादमाकडे जाऊन सांगणारा एमिलच होता. मिलानला पुन्हा कुणी गवंडीकामावर घेतलं नाही. तो त्याच शाळेत झाडू मारत म्हातारा झाला.

हे बायकोला सांगताना एमिल मेजपोशाकडे बघत होता. आयरीननं रकान्यातली ओळ खोडली.

"मिलानला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं काय बसलास?"

शुक्रवारी चर्चच्या तळघरात विकायच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, होत. बायका त्या भरत, म्हातारे बटाटे सोलत. एमिल मिलानशेजारी बसला आणि हळू आवाजात सगळं बोलला.

मिलानची सुरी थांबली नाही. "ठाऊक आहे. रोज तुझ्या मागच्या गल्लीतून जातो मी. आंधळा नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली. बटाटा नीट सोल, डोळे राहतायत." मग म्हणाला, "अपिलाला साक्षीदार हवा तर सांग. मीठ घातलेली भिंत मला बरोबर ओळखू येते."

एमिलचे कान तापले.

अर्ज गेला नाही. स्वतःच बिघडवलेल्या कामावर सूट मागायला त्याचा हात उठेना. घरपट्टी पुरी भरायची ठरली. पीट दोन आठवडे त्याच्याशी बोलला नाही.

सप्टेंबरात एमिल ती भिंत काढून पुन्हा रचू लागला. दिवसाला दोन थर. गुडघे त्याहून जास्त साथ देत नव्हते. एकदा मिलान कुंपणाशी थांबला, आत आला, घमेल्यातल्या मालाची चिमूट जिभेला लावून थुंकला.

"अळणी आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

एमिलनं मान वर केली नाही. पुढची वीट उचलली.