झेलमीराबाईंनी न केलेली बेरीज

झेलमीराबाई वेधशाळेत उल्कांच्या कक्षा जुळवत. सूर्याभोवती एकाच वाटेने फिरणारे खडे शोधायचे. पुरेसे सापडले की तो प्रवाह. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे बाईंना जरा जास्तच ठाऊक होतं.

मोद्रा गावाजवळच्या खेड्यातले सुतार गेइझा आणि पलीकडच्या गावातली त्यांची बहीण वेरोना यांनी वीस वर्षं काचेच्या फोटो-प्लेटांवर उल्का टिपल्या. एकच उल्का दोन गावांतून टिपली की तिची कक्षा काढता येते. अकरा कक्षा पाठवून त्यांनी बाईंना विचारलं, हा नवा प्रवाह असेल का?

कक्षा पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल कुठे छेदते, त्या कोनाच्या रकान्यावर बाईंनी कागद लावले. सहा एकीकडे, पाच बरोबर एकशेऐंशी अंश पलीकडे. दोन ओळींत उत्तर गेलं: ‘निव्वळ योगायोग. प्लेटा सांभाळण्याचे कारण नाही.’

तेरा वर्षांनी, निवृत्तीच्या आठवड्यात कपाट आवरताना ते कागद हाती आले. त्या पाचांत शेजारच्या रकान्यातला, कक्षेच्या सूर्याजवळच्या टोकाचा कोनही एकशेऐंशीनेच फिरला होता. पृथ्वीच्या प्रतलाला जवळजवळ चिकटलेल्या चपट्या कक्षांचं असंच असतं. खडा वरून आला की खालून, एवढ्यानेच दोन्ही कोन उलटतात आणि त्यांची बेरीज पूर्ण फेरी मारून तिथेच येते. बाईंनी आत्ता कुठे बेरीज केली. अकराही एकच! याच चुकीसाठी त्या विद्यार्थ्यांना सोलून काढत.

मूळ प्लेटा पुन्हा मोजल्याशिवाय प्रवाह कुणी मानला नसता. बाईंनी दुसऱ्याच दिवशी बस पकडली.

ऐंशी ओलांडलेल्या गेइझांनी आलुबुखाराचा मुरंबा भरलेल्या गोड पावांची, बुख्तींची, ताटली पुढे केली. बाईंनी ती बाजूला ठेवली.

“काका, चूक माझीच. प्रवाह खरा आहे. प्लेटा द्या, तुम्हा दोघांच्या नावाने छापते.”

“खरा?” म्हातारा थबकला. “वेरोना असायला हवी होती हो. चार वर्षं झाली तिला जाऊन.”

“आणि प्लेटा?”

“या, दाखवतो.”

परसात मिरचीच्या रोपांवर काचांचं झाकण होतं.

“तुमचं पत्र आलं, त्याच वसंतात सोड्याच्या पाण्यात भिजवून खरवडल्या. मी म्हटलं, दोन-चार ठेवू या आठवणीला. तर वेरोना म्हणते, ‘दादा, एवढी शिकलेली बाई उगाच लिहील होय?’ रोपं मात्र झकास येतात हं!”

बाईंनी एकेक काच उचलून उजेडात धरली. एक रेघही उरली नव्हती. त्या वाफ्याच्या कडेलाच बसल्या आणि रडू लागल्या.

म्हातारा गडबडला. “असं काय करता, डॉक्टरीणबाई? आम्ही तुमचं सगळं ऐकलं की.”